दोन कुलपांचं दार

सकाळी टोल्याने फौजदाराच्या थोबाडीत ठेवून दिली, आणि दुपारी त्याच फौजदाराच्या दारात तो टायर उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन उभा होता. मधे काय झालं ते सांगतोच. पण आधी गच्चीच्या दाराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरणार नाही.

बिल्डिंग चार मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर दोन घरं, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधून जिना. एकच जिना. चोरांच्या भीतीने सगळ्या बाल्कन्यांना वरपासून खालपर्यंत जाळ्या ठोकलेल्या. राहायला आलेली माणसं तशी साधी. पण गच्चीवरून डाव्या-उजव्यांचं वाजलं आणि मग साधी माणसं काय करू शकतात ते सगळ्या गल्लीने बघितलं.

भांडण सुरू झालं कपड्यांच्या दोरीवरून. दोरीवरून पाण्याच्या टाकीवर गेलं, टाकीवरून एकमेकांच्या आयाबहिणींवर. एका सकाळी गच्चीवर अशी जुंपली की डावीकडच्या टेम्पोवाल्याचा कान फाटला आणि उजवीकडच्या शिकवणीवाल्या सरांचा पुढचा दात टाकीखाली सापडला. गच्चीचं लाकडी दार बिजागरीसकट निखळलं, कारण टोल्याने टेम्पोवाल्याला उचलून त्या दारावरच आपटला होता. टोल्या म्हणजे टायरच्या दुकानातला. दिवसभर घण मारून मारून खांदे असे झालेले की शर्ट मापाचा मिळायचा नाही. बोलायच्या आधी टोला हाणायचा, म्हणून नाव टोल्या.

मग समेट झाला. समेट पण कसला, तर गच्चीला लोखंडी दार बसवायचं आणि त्याला दोन कुलपं लावायची. एक डाव्यांचं, एक उजव्यांचं. सकाळी दोन्हीकडचा एकेक माणूस येणार, आपापलं कुलूप काढणार, संध्याकाळी आपापलं लावणार. दोघं हजर असल्याशिवाय गच्ची उघडायची नाही. कोणी म्हणालं, समोरच्याने आपलं कुलूप फोडलं तर? तर टोल्यानेच सुचवलं, कुलपांवर जाड पत्र्याच्या टोप्या वेल्ड करून घेऊ, फक्त किल्लीपुरती फट. त्याच्याच ओळखीच्या वेल्डरने काम केलं. काम झाल्यावर टोल्याने दारावर थाप मारली आणि म्हणाला, "आता कोणाचा बाप आला तरी तुटत नाही." दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. या बिल्डिंगमध्ये एकमत झालेली ती एकच गोष्ट.

डाव्यांची किल्ली फौजदाराकडे. तो काही फौजदार नव्हे, गोदामावरचा रिटायर्ड मुकादम. पण कोणी जिन्यात थुंकलं तर वरून शिट्टी मारायचा, म्हणून फौजदार. दुसऱ्या मजल्यावर तो आणि काकू, दोघंच. उजव्यांची किल्ली टोल्याकडे. तो चौथ्या मजल्यावर, ताईबरोबर. रोज सकाळी फौजदार आणि टोल्या खांद्याला खांदा लावून एकाच दारासमोर उभे राहायचे, एकमेकांकडे न बघता किल्ल्या फिरवायचे आणि एक अक्षर न बोलता खाली उतरायचे.

आता ती सकाळ.

जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या. तिथेच उजव्यांच्या तीन बॅटरीच्या स्कूटर एका बोर्डावर चार्ज व्हायच्या, त्यातली एक टोल्याची. डाव्यांनी त्याला उत्तर म्हणून पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये जुना सोफा, लाकडी कपाट आणि गाद्यांची थप्पी आणून ठेवलेली. जागा अडवायची म्हणजे अडवायची.

फौजदार दूध घेऊन आला आणि थांबला.

"किती वेळा सांगायचं रे? मीटरला चिकटवून तीन-तीन गाड्या लावता. बोर्ड बघ, हात लावून बघ, किती तापलाय! अक्कल गहाण ठेवलीय का?"

"आणि वर सोफा टाकलाय, गाद्या टाकल्यात, ते काय?" टोल्या म्हणाला. "हनिमूनला का?"

"तो आमचा पॅसेज आहे."

"मग हे आमचं जिन्याखालचं आहे."

फौजदाराने पुढे वाकून प्लग उपटला. टोल्याचा हात त्याला विचारून उठत नसे. फाडकन आवाज झाला, चष्मा मीटरच्या पेटीवर आपटून खाली पडला आणि दुधाची पिशवी फुटली. फौजदार गाल धरून भिंतीला टेकला. त्याच्या ओठातून रक्त आलं. काकू वरून धावत आल्या, त्यांनी चष्मा उचलला आणि टोल्याकडे असं काही बघितलं की टोल्याने नजर फिरवली.

"आज गच्ची बंद!" फौजदार ओरडला. "किल्ली कपाटात टाकतो. बघतो कोण उघडतं!"

"ठेव जा छातीशी धरून! परत वायरला हात लावलास ना म्हाताऱ्या, तर घरात घुसून तंगडं मोडीन!"

त्याने प्लग परत खुपसला आणि वर गेला.

ताईला वरपर्यंत सगळं ऐकू गेलेलं. आई-वडील गेल्यापासून टोल्याला तिनेच वाढवला. घरी बसून लोकांचे कपडे अल्टर करायची. मोरीत पडून खुबा मोडल्यापासून वॉकर घेऊन चालायची, जिना उतरणं तर बंदच झालं होतं.

"मारलंस?" शिलाई मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं.

"एकच."

"एकच म्हणे. जसं काही चमचाभर औषधच पाजलंस. त्याचं वय काय, तुझं काय?"

"वय बघून वायर नाही उपटली त्याने."

"तुला ना, एक दिवस कोणीतरी भेटणारे," ताई म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

दुपारी जेवून टोल्या आडवा पडला होता. आधी खालून 'फट्' असा आवाज आला. मग लगेच दुसरा, मोठा, भिंत हादरेल असा. मग वास. जळक्या रबराचा वास टोल्याला झोपेतसुद्धा कळतो. तो उठून दाराकडे गेला, दार उघडलं आणि तोंडावर काळा लोट आला. जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली बघितलं तर तळ दिसत नव्हता. नुसतं लालभडक काहीतरी आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज. तिघांपैकी कोणाची गाडी पेटली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"ताई, ऊठ!"

"काय झालं?"

"ऊठ म्हणतो ना!" तिच्या उठण्याची वाट न बघता त्याने तिला खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात किल्ली घेतली, दारामागची टॉमी घेतली. ताई ओरडली, खुबा दुखला असणार. तो थांबला नाही.

वरच्या पायऱ्यांवर आधीच गर्दी. तिसऱ्या मजल्यावरची नर्स, कडेवर एक पोर, हाताला एक. सर आणि त्यांची बायको. टेम्पोवाला, आणि त्याची म्हातारी आई. खाली उतरायला गेलेले परत वर पळत आलेले, कारण पहिल्या मजल्यावर सोफा आणि गाद्या भडकल्या होत्या आणि तिथून कुत्रंसुद्धा पार झालं नसतं. सगळे लोखंडी दार बडवत होते.

"सरका! सरका!" टोल्याने ताईला पायरीवर ठेवली, लोकांना कोपराने बाजूला फेकत दारापाशी गेला, आपली किल्ली लावली. कुलूप उघडलं. दुसरं तसंच.

त्याने टॉमी उचलली आणि टोपीवर हाणली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा, हाताला झिणझिण्या येईपर्यंत. पत्र्याला पोचे पडले. टोपी जागची हलली नाही. काम चांगलं केलं होतं वेल्डरने.

टेम्पोवाल्याने मागून त्याची कॉलर धरली. "तूच मारलंस त्याला! तुझ्यामुळे बंदंय हे! आता आण ना किल्ली, आण!" आणि त्याने टोल्याच्या कानाखाली गुद्दा मारला. टोल्याने वळून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. टेम्पोवाल्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली, त्याची आई किंचाळली, नर्सचं पोर रडायला लागलं, आणि धूर वर येतच होता. आता डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

"अरे मेल्यांनो, मारामारी कसली करताय!" ताई खोकत ओरडली. "किल्ली कोणाकडंय? जा ना आणायला!"

टोल्याने शर्ट काढून नाका-तोंडाला बांधला.

"वाकून बस. पदर नाकावर धर. आलोच."

"ऐक," ताईने त्याचा हात धरला. "मारू नकोस त्याला. नीट माग."

तो खाली निघाला. तिसऱ्या मजल्यापर्यंत चालत, तिथून पुढे पालथा, एकेक पायरी हाताने चाचपत. कठड्याचा पाइप इतका तापलेला की हात लागला तिथे कातडी चिकटली. दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा खालच्या वळणावरून ज्वाळा भिंत चाटत वर येताना दिसत होत्या. त्याने फौजदाराचं दार हातांनी, टॉमीने, डोक्याने, सगळ्याने बडवलं.

"उघड! ए फौजदार! उघड!"

आतून आवाज आला, "कोण?"

"मी! टोल्या! दार उघड!"

दाराच्या भिंगातून फौजदाराला काय दिसलं असेल विचार करा. धूर, धुरात उघडाबंब टोल्या, तोंडाला फडकं, हातात लोखंडी कांब.

"मारायला आलास का रे?" फौजदार ओरडला. "एवढ्या आगीत पण मारायला आलास?"

"किल्ली दे! गच्चीची किल्ली! वर माणसं मरतायत!"

"दार नाही उघडणार! धूर आत येईल! फटीला ओली चादर लावलीय!"

"मग खालून सरकव! सरकव किल्ली!"

आतून काहीतरी आलं. 'थांब' होतं की 'थांबा' होतं की नुसता खोकला होता, आगीच्या आवाजात काही कळलं नाही. मग आत सगळं गप्प झालं.

टोल्या वाट बघत होता. म्हणजे त्याला वाटलं आपण खूप वेळ वाट बघतोय. खरं तर तीन-चार श्वास झाले असतील, आणि तेही कसले, प्रत्येक श्वासाला छातीत काचा. वर ताईचा खोकला ऐकू येत होता. आधी सारखा, मग थांबून थांबून. मग आलाच नाही.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरली. म्हातारा सूड घेतोय. गाल चोळत आत बसलाय आणि सूड घेतोय.

त्याने दोन पावलं मागे जाऊन खांदा घातला. दार करकरलं. टॉमीचं टोक फटीत घालून सगळ्या अंगाने ढकललं, कडी उखडली, आणि मग त्याने सगळी ताकद लावून लाथ घातली.

दार बिजागरीसकट आत गेलं आणि कशावर तरी आपटलं. मऊ, जड.

फौजदार दारामागे गुडघ्यांवर बसलेला होता. ओली चादर एका कोपऱ्यात थोडी बाजूला केलेली, तेवढीच, चार बोटं. दाराची कड त्याच्या कपाळावर बसली होती. तो उताणा पडला, डोळे उघडे, कपाळ फुटून रक्त कानात जात होतं. आणि उजव्या हाताच्या चिमटीत किल्ली. सरकवायलाच बसला होता तो.

टोल्याच्या मागून धूर धो-धो आत शिरला. स्वयंपाकघरातून काकू आल्या, त्यांच्या हातात ओले टॉवेल होते. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, मग टोल्याकडे, मग नसलेल्या दाराकडे.

"वर चला!" टोल्या ओरडला. "काकू, वर चला, पटकन!"

"यांना उचल," काकू म्हणाल्या. "अरे, यांना उचल ना!"

त्याने फौजदाराची बोटं उघडली, किल्ली घेतली आणि पळाला.

हे असं झालं. त्यात त्याने विचार केला की नाही, मला विचारू नका. ताईचा खोकला थांबला होता, एवढंच त्याच्या कानात होतं.

वर तो कसा पोचला त्यालाही आठवत नाही. माणसं पायऱ्यांवर एकमेकांच्या अंगावर पडलेली होती. किल्ली फटीत जाईना, हाताची कातडी सोललेली. टेम्पोवाल्याने रक्ताळलेल्या हाताने त्याचं मनगट धरून स्थिर केलं. कुलूप उघडलं. दार ढकललं आणि सगळे गुडघ्यांवर, पोटावर, जसं जमेल तसं बाहेर सांडले. टोल्याने ताईला काखेत धरून ओढलं. उजेडात तिचं तोंड काळं पडलेलं, नाकाखाली काजळीच्या दोन रेघा. त्याने तिच्या पाठीत धपाटे घातले. एक, दोन, मग जोरात. ती खोकली. काळं काहीतरी ओकली.

"हाड मोडशील माझं, गाढवा," ती म्हणाली.

टोल्या तिथेच बसला आणि ढसाढसा रडला. सरांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या बायकोने त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "वाचवलंस रे बाबा, सगळ्यांना वाचवलंस!" नर्स त्याच्या हातावर पाणी ओतत होती. टेम्पोवाला डोळ्यांतलं रक्त पुसत म्हणाला, "मानलं तुला. हरामखोर आहेस, पण मानलं."

लोखंडी दार त्यांनी ओढून घेतलं, तरी कडेकडेने धूर येतच होता. पायांखालची फरशी गरम लागायला लागली. तेवढ्यात खालून भोंगा वाजला. अग्निशमनवाल्यांची गाडी, तिच्यावरची उंच शिडी हलत हलत वर आली, टोकाला लोखंडी पाळणा, पाळण्यात हेल्मेटवाले दोन जवान.

"किती जण?" पुढचा ओरडला. "कोण जखमी?"

"हिला आधी!" टोल्याने ताईकडे बोट केलं. "खुबा मोडलाय, धूर गेलाय छातीत."

"आणा इकडे. आत कोणी राहिलंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "फौजदार," सर म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. दोघं म्हातारा-म्हातारी."

"घरातच आहेत ना? दार बंद आहे?"

"हो, बंदच असणार," सर म्हणाले.

"मग ठीक आहे. दार बंद असेल तर घरात धूर जायला वेळ लागतो, बराच वेळ निघतो. आधी तुम्हाला उतरवतो." जवानाने ताईला घ्यायला हात पुढे केले. टोल्याने तिला उचललं होतं, ती कठड्यावर टेकलीही होती.

"बंद नाहीये," टोल्या म्हणाला.

"काय?"

"दार. बंद नाहीये. मी तोडलं. आता दारच नाहीये तिथे."

जवानाने त्याच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्याने वॉकीटॉकीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि पाळणा मागे झाला.

"ए! ए, कुठे चाललास?" सर किंचाळले. "आम्ही काय मरायचं इथे?" ते टोल्यावर धावून आले. गच्चीवरच्या मारामारीतसुद्धा नुसता मार खाल्लेला तो माणूस दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, तोंडावर मारत सुटला. "गप बसता येत नव्हतं? गप बसता येत नव्हतं तुला?" टेम्पोवाल्याने पण एक लाथ घातली. टोल्याने ताईच्या अंगावर वाकून सगळा मार पाठीवर घेतला. हात वर केला नाही. नर्सने शेवटी सरांना ओढून बाजूला केलं.

ताई त्याच्या काखेतून म्हणाली, "नीट माग म्हणाले होते ना?"



पाळणा दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीला लागला. बाल्कनीतून काळा लोट निघत होता. जवान यंत्राने जाळी कापत होते, ठिणग्या उडत होत्या, आणि त्या जाळीला आतून काकू धरून उभ्या होत्या. कठड्यावरून वाकून टोल्या बघत होता. पहिली सळई सुटली. दुसरी. तिसरीला यंत्र अडकलं. गल्लीतली सगळी माणसं वर तोंड करून उभी होती. जाळी वाकली तशी काकूंना ओढून घेतलं. मग एक जवान आत शिरला आणि तो बाहेर येईपर्यंत टोल्याने कठडा सोडला नाही.

फौजदाराला रस्त्यावर आडवा ठेवला. एक जण त्याची छाती दाबत होता. दाबत राहिला. मग थांबला, मनगटाने कपाळ पुसलं आणि वर न बघता आपलं हेल्मेट शोधायला लागला.

शिडी परत वर आली. ताई उतरली, पोरं उतरली, सगळे उतरले. टोल्या शेवटी.

खाली आल्यावर लोकांनी त्याला घेरलं, कोणी पाठ थोपटत होतं, कोणी शिव्या घालत होतं. तो त्यांच्यातून वाट काढत काकूंपाशी गेला. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, अंगावर कोणीतरी टाकलेली चादर, बाजूला झाकलेला नवरा. टोल्या समोर खाली बसला. जळलेले हात मांडीवर उताणे ठेवले.

"काकू," तो म्हणाला. "किल्ली त्यांच्या हातातच होती. देत होते ते. मी थांबलो नाही."

काकूंनी त्याच्या हातांकडे बघितलं.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "कपाटातून मीच काढून दिली त्यांना. म्हटलं, द्या. त्याची बहीण आहे वर."